काळ्या पुठ्ठ्यावर माझा जबडा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, तुमच्यासारख्यांसाठी चार शब्द लिहा. लोकांना धीर येईल." तुमच्यासारखे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. माझ्यासारखा ह्या डोंगरात दुसरा नाही एवढं मला ठाऊक आहे. आणि धीर द्यायचं काम मला जमत नाही. ज्यांनी ज्यांनी मला धीर दिला, त्यांचा मला अजून वीट आहे. तरी लिहितो. कारण मी बोलायला लागलो की समोरचा कान पुढं करतो आणि तोंड मागं घेतो. कागद तसं करत नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं मी शाळेत कमी आणि भांड्यांवर जास्त शिकलो. माझा धंदा भांड्यांवर नावं टाकायचा. लग्नसराईत धारूरच्या बाजारात भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचं, एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी, आणि टिक टिक टिक. मामाकडून, आत्याकडून, समस्त पाव्हण्यांकडून. पुढं गावात दूध सोसायटी झाली, तिच्या सगळ्या सभासदांच्या कॅनवर नंबर आणि नाव मीच टाकलं. आमच्या गावात माझ्या हाताचं अक्षर नाही असं चुलीचं घर नाही. एकदा ठोकलं की ठोकलं, भांड्यावर खोडरबर चालत नाही. आणि पोचा आलेल्या भांड्यावर मी नाव टाकत नसे. "आधी ठोकून सरळ करून आण बे," म्हणून परत पाठवायचो.

ह्या धंद्यात दोन्ही हात गुंतलेले, तोंड रिकामं. म्हणून तंबाखू. मान उजवीकडं कलती ठेवून काम करायचो, म्हणून चिमूट डाव्या गालात. एवढं सरळ गणित आहे. नशीब, कर्म, कुणाची नजर, असलं काही माझ्यासमोर बोलू नका.

बातमी

त्या साली पाऊस नव्हता. पेपरवाले लिहितात, पाऊस रुसला. रुसलेला माणूस समजूत काढली की येतो. हा आला नाही. म्हशी आटल्या, सोसायटीचं दूध आटलं, आणि दुधाच्या कॅनमधे लोक टँकरचं पाणी भरायला लागले. टँकरपाशी कॅनवरून भांडणं. कोणाचा कोणता ते मी टाकलेल्या नंबरावरून ठरायचं. तेवढ्यापुरता मी गावाचा न्यायाधीश होतो.

तवा माझं तोंड दोन बोटं जाईल एवढंच उघडत होतं. माझी बायको कौसा एक दिवस म्हणाली, "अवो, भाकर कालवणात कुस्करून कावून खाताव? दात तर धड हायेत."

"मला आवडती तशी," मी म्हणलं.

"जन्मात आवडली न्हाई ती आत्ताच आवडाया लागली?"

मी ताट सारून उठलो. तिनं पोराला सांगितलं. पोरगा बाळू, टेम्पो चालवतो. त्यानं मला टेम्पोत घातलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गालातला तुकडा काढून तपासायला धाडला. रिपोर्टच्या दिवशी मला बाकड्यावर बसवून डॉक्टरनं बाळूला आत घेतलं. तोंड माझं आणि बातमी पोराच्या कानात! बाहेर आला तवा त्यानं चेहरा असा लावून आणला होता, जसं घाण भांडं उलथं घालून ठेवतात.

"काय बी न्हाई आबा. बारकं आपरेशन हाय."

"कॅन्सर हाय का?"

तो रडायला लागला. भर व्हरांड्यात, पन्नास माणसांसमोर, चाळिशीचा गडी. मला त्याची दया आली नाही, शिसारी आली. मी उठलो, दवाखान्याच्या मागं गेलो आणि चिमूट काढून गालात धरली. शेवटची. लई बेचव लागली. हे लिहू नका म्हणून कौसा मघाशीच म्हणाली, म्हणून लिहिलं.

नळी

ऑपरेशनमधे डावा जबडा कानापासून हनुवटीपर्यंत काढला. छातीचं मांस आणून गालाच्या जागी लावलं. शुद्धीवर आलो तर नाकात नळी, आणि तिच्यातून वरणाचं पाणी. ज्याला हे व्हायचं आहे त्याला खरं सांगतो. दुखतं, पण दुखण्याचं एवढं नाही, औषध देतात. खरी गोष्ट घाण आहे. लाळ राहत नाही. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येतो आणि तोंड फिरवायला जागा नसते. उशी, चादर, गमचा, सगळं ओलं. शेजारचे सगळे तसेच. वॉर्डात पंखा चालायचा तो तीच हवा ह्या खाटेवरून त्या खाटेवर वाटायचा.

आणि भेटायला येणारे. ते केळी आणतात. ज्याला जबडा नाही त्याला केळी. मला बोलता येत नाही म्हणून ते मोठ्यानं बोलतात, जसा मी बहिरा झालो. "आबाऽऽ, बरं हाय का आताऽऽ?" मग माझ्याकडं न बघता कौसाला विचारतात, "जेवतेत का?" मी तिथंच असतो.

कौसा ह्या सगळ्यात हलली नाही. नळीतून पाणी सोडायला ती सिस्टरकडून शिकली, जखम पुसायला शिकली. वासानं तिनं नाकाला पदर लावल्याचं मी एकदाही पाहिलं नाही, आणि मी टपून होतो. पण एक केलं तिनं. आरसा कुठं दिसू दिला नाही. संडासातल्या आरशावर तिनं कुणाचंसं पातळ वाळत टाकलं होतं. 

मास्तर

शेजारच्या खाटेवर देशमाने म्हणून चित्रकलेचे मास्तर होते, माजलगावकडचे. त्यांच्या गळ्याला भोक. बोलायचं तर भोकावर बोट धरायचं, मग घोगरा आवाज निघायचा. दिवसभर मांडीवर काळा पुठ्ठा घेऊन सुईनं खरवडत बसायचे. मला तो किरकिर आवाज सोसेना. बोलता येत नव्हतं म्हणून मला एक पाटी दिली होती, तिच्यावर लिहून विचारलं, हे काय चाललंय.

त्यांनी दाखवलं. जाड पुठ्ठा, त्यावर खडूची भुकटी डिंकात कालवून थर द्यायचा, घासून काचेसारखा करायचा. वाळला की वरून काळी शाई. मग सुईनं खरवडलं की खालचं पांढरं उघडं पडतं. त्यांच्या पुठ्ठ्यावर बैलाचं डोकं होतं. कानातला केस न् केस, नाकावरचा ओलेपणा. मी हात लावून बघितला, ओला लागतो का. ते मला आवडलं नाही. म्हणजे चित्र आवडलं, मास्तरचा चेहरा आवडला नाही. फार खुश होता.

"तुम्हाला जमायचं नाही," बोट धरून म्हणाले. "हातोडीचा हात आहे तुमचा."

बस. मी कौसाकडून गोधडीची दाभण मागून घेतली, तुराटीच्या तुकड्यात बसवली, आणि मास्तरचा एक कोरा पुठ्ठा ओढून घेतला. कौसाला समोर बसवलं. भुवया, केस, डोळ्यातली बुबुळं, कपाळाच्या आठ्या, एकेक ठिपका देत गेलो. भांड्यावरचं नाव ठिपक्यांचंच असतं, त्यामुळं ठिपका माझा चुकत नाही. दोन दिवस लागले. झाल्यावर पुठ्ठा लांब धरला आणि माझ्याच अंगावर काटा आला.

केस पांढरेफटक. बुबुळं पांढरी. आठ्या उजेडाच्या रेघा. आणि गाल, कपाळ, नाक सगळं काळं ठिक्कर.

कौसानं बघितलं. "अगं बया! ही कोण हडळ?"

मास्तर हसायला लागले. त्यांचं हसू तोंडातून यायचं नाही, गळ्याच्या भोकातून शिट्टी वाजायची. हसता हसता खोकले, सिस्टर धावत आली.

माझी चूक काय झाली ते मला तेव्हाच कळलं. जन्मभर मी चकाकणाऱ्या भांड्यावर काम केलं. तिथं जे ठोकतो ते काळं दिसतं. पितळेवर तर ठिपक्यात काजळ चोळतात. हात म्हणतो, जिथं काळं पाहिजे तिथं टोच. इथं उलटं. इथं काळं आधीच भरलेलं असतं, टोचलं की उजेड होतो. केस काळे पाहिजेत तर केसाला हातच लावायचा नाही. केसावर जो उजेड पडलाय तेवढाच काढायचा.

"उजेड कुठं पडतो ते बघा," मास्तर म्हणाले. "बाकीचं सोडून द्या. सोडून देणं तुम्हाला जड जाईल."

मी तो पुठ्ठा थुंकीच्या डब्यात घातला.

पण दुसऱ्या दिवशी दुसरा घेतला. पाण्याचा तांब्या काढला, मग सिस्टरची चप्पल, मग मास्तरचा हात. तांब्यावर उजेडाची एकच उभी रेघ आणि कडेला ठिपके विरळ करत नेले की तो गोल होतो, हे ज्या दिवशी जमलं त्या दिवशी वॉर्डातला वास मला संध्याकाळपर्यंत आला नाही. आजारी माणसाला मी एवढंच सांगीन. हाताला काम ठेवा. देवाचं नाव घ्या म्हणणारे येतील, त्यांना बसू द्या, आपण आपलं काम करावं.

मुखवटा

जखम सुकल्यावर मशिनीच्या किरणांचा शेक द्यायचा ठरला. दीड महिना, रोज, मधे खाडा नाही. ह्या शेकात डोकं हलू नये म्हणून जाळीचा मुखवटा करतात. गरम पाण्यातून एक पांढरी जाळी काढली, ती मऊ लुसलुशीत झाली होती, तोंडावर ओढून दाबली. थंड झाली की ती कडक होते. मग काढून, नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवली.

फळीवर दहा-पंधरा मुखवटे होते. बाकीचे भरलेले, माणसासारखे. एक डावीकडून आत बसलेला. गाडीवरून पडलेल्या तांब्यासारखा. मी मनात म्हणलं, हा पोचा आलेला गडी कोण? आणि चिठ्ठीवर माझं नाव. ऑपरेशन झाल्यापासून माझं तोंड मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. आरशात नाही, फळीवर.

तरी थोडे दिवस शेक घेतला. त्या मुखवट्यात डोकं खिळवून ठेवतात, बाहेर जातात, दार लावतात. तोंड आतून सोललं. चव गेली, पाणी सुद्धा गंजलेल्या पत्र्यासारखं लागायला लागलं. लाळ चिकट झाली, बोटानं ओढून काढावी लागे. एके सकाळी मी पाटीवर लिहिलं, चल घरी. कौसानं वाचून घेतलं मास्तरकडून.

"मधी सोडायचा न्हाई म्हणल्यात बाई," ती म्हणाली.

मी चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या. "आबा, हा हट्ट जिवावर येईल. राहिलेलं एखादं मूळ परत उगवतं. आठ दिवसांत परत या." बाळूनं टेम्पो चालू केला. त्याच्या तोंडाकडं मी बघितलं नाही. मास्तरांनी मात्र खिडकीतून चार काळे पुठ्ठे दिले. 

घरी

आठ दिवस गेले, त्यावर आणखी गेले. मी गेलो नाही. गमचा तोंडाला गुंडाळून ओट्यावर बसायचो. समोरच्या माळावर सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. सगळ्या गावाची जनावरं तिथं, जनावरांमागं माणसं, आणि माणसांच्या गालात तंबाखू. दिवसभर पिचकाऱ्या. पाण्याला महाग गाव, पण थुंकायला कमी नाही.

घरातल्या भांड्यांवर तवा चकाकी नव्हती. मला वाटलं, पाणी नाही म्हणून कौसा नुसती फडक्यानं पुसते.

एक दिवस सोसायटीचा चेअरमन आला. मागं फोटो काढणारा एक जण, मोबाईलवाला. माझ्या खाटेवर बसला, खांद्यावर हात टाकला.

"आबा, तुमी सोसायटीचं जुनं मानूस. छावनीच्या दारात आपुन एक बोर्ड लावतोय. व्यसनमुक्ती. तुमचा असा मोठा फोटो. गमचा काढून. खाली लिहायचं, तंबाखूचा परिनाम. पोरं भितील बगा."

त्याच्या वरच्या खिशात पुडी होती. मला दिसत होती.

कौसा म्हणाली, "चेअरमनसाहेब, च्या ठिवू का?"

मी हातोडी उचलली. कोपऱ्यात सोसायटीचा रिकामा कॅन होता, त्याच्यावर हाणली. असा आवाज झाला की छावणीतल्या म्हशी उठल्या. दुसऱ्यांदा उचलली तवा चेअरमन अंगणात होता.

"आवं, चांगल्यासाठीच म्हणलं ना!"

"फुडच्या खेपंला पुडी घरी ठिवून या," कौसा म्हणाली. ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. राग त्याचा नव्हता. गमचा काढून म्हणाला, आणि माझा हात आपोआप गमच्याकडं गेला होता, घट्ट करायला. मी भ्यालो होतो. मला स्वतःची अशी किळस कधी आली नाही.

आरसा

सकाळी काळा पुठ्ठा घेतला आणि कौसाला म्हणलं, बस समोर. तवा माझं बोलणं तिला एकटीला कळायचं.

"न्हाई बसत."

"कावून?"

"एकदा हडळ केली, पुरं झालं. आधी सोताचं तोंड काढा. हाय तसं. मंग माझं."

"आरसा कुठंय?"

ती उठली. मग ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, हात कोपरापर्यंत घातला आणि पिठातून आरसा काढला. फुंकर मारून पदरानं पुसला. तवा मला कळलं, भांडी का चकाकत नव्हती. पाण्याचा दुष्काळ होता, राखेचा नव्हता. ह्या बाईनं चांगली घासलेली भांडी मुद्दाम मळकी ठेवली होती, मला मी दिसू नये म्हणून.  बोलण्यासारखं असलं की मला बोलता येत नाही, हे जबडा होता तवापासूनचं आहे.

आरसा खिडकीत टेकवला. पहिलं चित्र खोटं काढलं. उजवा जबडा बघून डावा तसाच भरला. हात सराईत होता, तासाभरात झालं.

कौसा म्हणाली, "ह्यो कोण? पोरगी बगाया आलाय का?"

मला राग आला. पोचा आलेलं भांडं मी परत पाठवायचो, आणि इथं मीच ठोकून सरळ करून आणलं होतं. दुसरा पुठ्ठा घेतला. गमचा काढून खुंटीला टांगला.

आता जे दिसेल ते. कपाळ, नाक, उजवा गाल ह्यांच्यावर ठिपके दाट दिले. दाढीचे खुंट बारीक रेघांनी. डावीकडं आलो. तिथं खड्डा होता, टाक्यांची वेडीवाकडी दोरी होती, छातीच्या मांसावर छातीचे केस उगवले होते. ओंगळ. थांबून थांबून बघत गेलो. तीन दिवस बघितलं. मास्तर म्हणाले होते तसं, उजेड पडतो तेवढाच काढायचा. खड्ड्यात उजेड नाही, म्हणून तिथं हातच लावायचा नाही. काळं तसंच सोडलं. खरंच, सोडून देणं जड गेलं.

कानाच्या खाली आलो तवा अडकलो. टाक्यांच्या दोरीखाली, जिथं सगळं काळं राहायला पाहिजे, तिथं एक ठिपका उजेडाचा मी देऊन बसलो होतो. मला वाटलं हात चुकला. भांड्यावर जन्मात चुकला नाही तो इथं चुकला. आरशात बघितलं. उजेड तिथं होता. मान फिरवली, उजेड थोडा सरकला, पण होता. खड्ड्यात उजेड पडत नाही. उजेड पडायला तिथं काहीतरी वर आलेलं पाहिजे.

बोट लावलं. तुरीच्या दाण्याएवढी गाठ. दुखत नव्हती, हलत नव्हती.

महिनाभर तिथं मी गमचा गुंडाळत होतो. कौसा पुसायची, पण मी तिला मान वर करू देत नसे, चटकन तिचा हात झटकायचो. दोघांनी मिळून ती गाठ न बघता सांभाळली होती.

"कौसे," मी म्हणलं. "बाळूला बोलीव. टेम्पो काढ म्हणाव."

तिनं पुठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुठ्ठ्याकडं बघितलं. "हां," म्हणाली, "आता हायेत तुमी. लई वंगाळ दिसताव." मग त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिला सांगावं लागलं नाही.

परत

डॉक्टरीणबाई रागावल्या. मी रागावू दिलं. सुई घातली, तपासलं, तेच निघालं. पुन्हा टेबलावर गेलो, बारकं ऑपरेशन झालं. मग शेक. नवा मुखवटा केला, पोचा पहिल्यापेक्षा खोल. बाई म्हणाल्या, "अजून थोडं थांबला असता तर ती गाठ मानेतल्या मोठ्या नसेला चिकटली असती. मग माझ्या हाताला काम उरलं नसतं." बाळू बाजूला उभा होता. तो पुन्हा रडला. ह्या वेळी मी त्याला गमचा दिला, आता मला तोंड झाकायला लागत नव्हता.

देशमाने मास्तर घरून तपासून घ्यायला आलेले भेटले. माझं चित्र बघितलं. फार वेळ बघितलं. बोट धरून म्हणाले, "दाढीचे खुंट एका दिशेनं काढलेत. दाढी अशी उगवत नाही."

"तुमच्या बैलाचा कान बी कुत्र्यावानी हाय," मी म्हणलं. त्यांना कळलं का नाही कोण जाणे. शिट्टी वाजली.

दीड महिना पुरा केला. घाण तीच, चव तशीच गेलेली, लाळ तशीच. त्यात काही गोड झालं असं मी लिहिणार नाही. फक्त खाडा केला नाही.

आता

दोन पावसाळे झाले. तपासणीत अजून काही निघालं नाही. निघालं तर बघू. आरसा खिडकीत असतो, दर सकाळी मान वर करून कानाखाली बोट फिरवतो. तुमच्या घरात असा आजारी असेल तर एवढं ऐका, आरसा पिठात ठेवू नका. माया करायची तर दुसरीकडून करा. आणि आजारी माणसा, तू मान वर कर.

माझं चित्र मी स्वतःच सोसायटीत नेऊन खिळ्याला टांगलं, दूध घालायच्या खिडकीशेजारी. खाली काही लिहिलं नाही. चेअरमन म्हणाला, "आबा, खाली दोन शब्द टाकू का?" मी हातोडी दाखवली. त्या भिंतीवर आधीच्या पिचकाऱ्यांचे लाल डाग होते. आता तिथं कुणी थुंकत नाही. बाहेर जाऊन थुंकतात. माणसाची जात आहे, एवढंच सुधारते.

शेक संपल्यावर मुखवटा घरी देतात. मी फेकणार होतो. कौसानं नेऊन अंगणातल्या कडुलिंबाच्या रोपावर उपडा घातला, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून. शेळी येते, माझ्या नाकाला नाक लावते, चाटते, निघून जाते. रोप आता डाव्या अंगानं, पोच्यापाशी जाळीच्या भोकातून बाहेर आलंय. मला ते बघवत नाही. ती म्हणते, सावली होईल.

काल दुपारी ती दारात शेंगा सोलत बसली. ऊन तिच्या गालावर तिरपं आलं होतं. मी काळा पुठ्ठा घेतला, दाभण पुसली, आणि कपाळावरचा पहिला ठिपका दिला.

"बसले हं मी," ती न बघता म्हणाली. "जबडा माझा दोन्ही अंगानं काढा. नवऱ्यावर जाऊ देऊ नगा."